मजुरीची रिंग: द्राक्ष बागायतदार आणि निर्यातदारांना खुले पत्र

प्रति,
नाशिक जिल्ह्यातील द्राक्ष बागायतदार, निर्यातदार आणि पॅकहाऊसचालक

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात एका गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून फिरत फिरत एक ठराव माझ्या फोनवर आला. गावाचं नाव लिहीत नाही. असे ठराव त्या एकट्या गावात होतात असं नाही, आणि ते गाव वाईट आहे असंही मला म्हणायचं नाही. बागायतदारांची बैठक झाली आणि यंदाच्या गोडी छाटणीपासूनचे (फळासाठी करतात त्या छाटणीपासूनचे) एकरी दर ठरले: छाटणी, काडीवरच्या डोळ्यांना म्हणजे अंकुरांना पेस्ट लावणं, फेलफुटी म्हणजे नको असलेले फुटवे काढणं, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, थिनिंग म्हणजे घडातले मणी विरळ करणं. रोजंदारीचे दरही ठरले, बाईचा रोज पुरुषापेक्षा शंभर रुपयांनी कमी. शेवटचं कलम असं की ठरल्यापेक्षा जास्त दर देणाऱ्या शेतकऱ्याला गाव दंड करील, आणि जास्त दर घेणाऱ्या मजुरांच्या टोळीला गावात पुन्हा काम मिळणार नाही. त्याखाली अंगठे आणि टाळ्यांची रांग.

ज्यांच्या कामाचे हे दर आहेत त्यांच्यातलं त्या बैठकीत कोणी नव्हतं. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी पेठ तालुक्यातली, कोकणा समाजातली. आश्रमशाळेत शिकले, नाशिकला बी.कॉम. केलं, आणि आता एका पॅकहाऊसच्या, म्हणजे निर्यातीचा माल निवडून पेट्यांत भरतात त्या जागेच्या, ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. माझे आई-वडील, दोन्ही मावश्या आणि आमचं निम्मं गाव भात-नागली शेतात उभी असतानाच दिंडोरी-निफाडकडे छाटणीला निघतं, मध्ये कापणीपुरतं घरी येतं, आणि मग होळीपर्यंत बागांमध्येच असतं. लहानपणी मीही त्यांच्याबरोबर जायची. आता त्याच बागांतला माल माझ्यासमोरच्या पडद्यावर प्लॉट नंबर होऊन येतो. तुमची बाजू आणि टोळीची बाजू, दोन्हीकडचं बोलणं माझ्या कानावर पडतं, आणि दोन्हीकडे मला आपलं समजूनच बोलतात.

प्लॉट नंबर म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, पण हे पत्र बाकीचेही वाचतील म्हणून लिहिते. युरोपला माल पाठवायचा तर बागेची नोंद कृषी खात्याकडे होते आणि प्लॉट अपेडाच्या, म्हणजे केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या, ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदवहीवर चढतो. कोणत्या तारखेला कोणतं औषध किती मारलं याची वही ठेवावी लागते. काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना घेऊन जातो. ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवून दिलेली नाही, त्याची युरोपातली सरसकट मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅम आहे. अहवाल चांगला आला की काढणी, मग ग्रेडिंग, मण्याची साइज, ब्रिक्स म्हणजे गोडीचं माप, पनेट म्हणजे छोटा डबा, पेटी, प्री-कूलिंग, कंटेनर, न्हावा शेवा बंदर. रॉटरडॅमला उतरलेल्या पेटीवरचा कोड घातला की ती कोणाच्या बागेतली आहे ते निघतं. ही शिस्त काही हौसेने आलेली नाही. २०१० साली लिहोसिनचे, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश मर्यादेबाहेर सापडले आणि आपल्या द्राक्षांचे शेकडो कंटेनर युरोपात अडकले. त्या वर्षाचा विषय निघाला की जुने बागायतदार आजही कपाळाला हात लावतात.

म्हणजे मनात आणलं तर मण्याचा माग समुद्रापलीकडून काढता येतो. पण तो घड ज्या काडीवर आला ती कोणी छाटली, डोळ्यांना पेस्ट कोणी लावली, फेलफुटी कोणी काढल्या, हात डोक्याच्या वर धरून दिवसभर मान वर करून थिनिंग कोणी केलं, हे कुठल्याच वहीत सापडत नाही. फवारणीच्या वहीत औषधाचं नाव असतं, प्रमाण असतं, असलंच तर ट्रॅक्टरवर बसलेल्याचं नाव असतं. पेस्ट लावणारीचं नाव मी आजवर पाहिलेलं नाही. टोळीचा सगळा हिशोब मुकादमाच्या खिशातल्या डायरीत, आणि ती डायरी पावसात भिजली की हिशोबही गेला.

आता ठरावाकडे येते. लासलगाव किंवा पिंपळगावच्या कांद्याच्या लिलावात व्यापाऱ्यांनी आपसात ठरवून बोली वर जाऊ दिली नाही, तर आपण त्याला रिंग म्हणतो. रिंगचा संशय आला तरी लिलाव बंद पडतात, रस्त्यावर कांदा ओतला जातो, आमदाराला फोन जातात. ते बरोबरच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने एका अधिसूचनेने कांद्याची निर्यात बंद केली आणि मे २०२४ पर्यंत ती बंद ठेवली, तेव्हा या जिल्ह्यातल्या प्रत्येक पारावर एकच प्रश्न होता: माल आमचा, घाम आमचा, मग भाव पाडणारे तुम्ही कोण? दिल्लीचं म्हणणं होतं की शहरातल्या ग्राहकाला परवडलं पाहिजे. तुमच्या ठरावाचं म्हणणं आहे की बागायतदाराला परवडलं पाहिजे. मला या दोन्हींत फरक सापडत नाही.

मजुराकडे विकायला एकच माल असतो, त्याचा दिवस. त्याचा लिलाव बघायचा असेल तर हंगामात सकाळी नाशिकजवळच्या गिरणारे गावात जा. हरसूल, पेठ, त्र्यंबकच्या बाजूने गाड्या भरभरून माणसं येतात. पुरुषांच्या खांद्यावर छाटणीच्या कात्रीची पिशवी, बायकांच्या पदरात बांधलेली भाकरी, कडेवर एखादं पोर. बागायतदार मोटारसायकलवरून येतो, गाडी बंदही करत नाही. "किती माणसं? काय घेणार?" टोळीतला एकजण आकडा सांगतो, बागायतदार मान हलवून पुढच्या घोळक्याकडे जातो, पुन्हा माघारी येतो. पंधरा-वीस मिनिटांत सौदा होतो. हा काही आदर्श बाजार आहे असं मी म्हणत नाही, म्हाताऱ्या माणसांना तिथे दहा वाजेपर्यंत कोणी विचारत नाही आणि ती तशीच परत जातात. तरी एवढं होतं की काम जास्त आणि माणसं कमी अशा आठवड्यात रोज थोडा वर चढायचा. तुमच्या ठरावाने तेवढीही फट बुजवली.

त्याच रस्त्याच्या आसपास, गंगापूर धरणाच्या काठाने, वाइनरी आहेत. हंगामात तिथे पाहुणे पैसे मोजून द्राक्षं पायांनी तुडवायला येतात. येऊ देत, मला त्यांचा राग नाही. पण द्राक्षात पाय घालायचे पैसे देणारे आणि द्राक्षात हात घालायला काम मागणारे इतक्या जवळजवळ असतात, हे एकदा डोळ्यांनी बघण्यासारखं आहे.

"मजूरच मिळत नाही हो," हे तुमचं वाक्य मी ऑफिसात रोज ऐकते. खरं आहे. सिंहस्थाची कामं निघाल्यापासून नाशिकमध्ये रस्त्यावर, सेंटरिंगवर, काँक्रीटवर रोज जास्त मिळतो आणि तरुण पोरं तिकडे जातात. माल कमी आला की भाव वाढतो, हे कांद्याच्या बाबतीत तुम्हाला कोणी समजावून सांगावं लागत नाही. दुसरं वाक्य: "लाडक्या बहिणीचे पैसे मिळतात, मग बायका कशाला कामाला येतील?" महिन्याला दीड हजार रुपये म्हणजे दिवसाला पन्नास. पन्नास रुपयांत घर चालवून आळशी बसता येत असेल तर ती युक्ती माझ्या आईला जरूर कळवा. त्या पैशांनी झालं ते एवढंच की आठवड्याच्या बाजाराला मुकादमाकडे उचल मागायची वेळ काहीजणींवर कमी येते, आणि नको त्या दराला नाही म्हणता येतं. ते नाही म्हणणंच तुम्हाला खुपतं आहे का, याचा एकदा विचार करा.

तुमची अडचण मला दिसत नाही असं समजू नका. ती माझ्या कॉम्प्युटरवर दिसते. अवकाळीने मणी तडकतात, प्लास्टिक कव्हरचा खर्च एकरी लाखांत जातो, नव्या जातीची रोपं घेतली तर परदेशी कंपनीला रॉयल्टी, आणि गावात चार वर्षं ओळखीचा झालेला व्यापारी पाचव्या वर्षी न वटणारा चेक देऊन पळून जातो. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. भाडं वाढलं, दिवस वाढले, वाटेत माल खराब व्हायची धास्ती वाढली. येमेनजवळच्या क्षेपणास्त्राचा आणि माझ्या मावशीचा काय संबंध? तो मी त्या हंगामात खुर्चीत बसून पाहिला. तिकडच्या खरेदीदाराने जादा भाडं निर्यातदारावर ढकललं. निर्यातदाराने किलोमागे शेतकऱ्याचा दर कमी केला. शेतकऱ्याने टोळीला सांगितलं, यंदा दर गेल्या वर्षीचाच राहील. मावशीच्या खाली ढकलायला कोणी नव्हतं. तिने दुकानदाराची उधारी वाढवली.

जागतिक विषमता अहवाल २०२२ नुसार जगातल्या वरच्या दहा टक्के लोकांकडे एकूण संपत्तीपैकी ७६ टक्के आहे आणि खालच्या निम्म्या लोकांकडे २ टक्के. असे आकडे वाचले की ते कुठल्या तरी अब्जाधीशांबद्दल आहेत असं वाटतं आणि आपण पान उलटतो. पण ही उतरंड आपल्या शिवारातूनच जाते, आणि तुम्ही तिच्या मधल्या पायरीवर आहात. वरच्या पायरीकडे बघताना तुम्हाला जे दिसतं, तेच आम्हाला तुमच्याकडे बघताना दिसतं.

तक्रारी एकेक करून लिहिते. सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

पहिली आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी: पेस्ट. आपल्या हवेत थंडी पुरेशी पडत नाही, त्यामुळे छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावावं लागतं. ते लावल्याशिवाय बाग चालत नाही हे मला मान्य आहे. लावतात ते असं: डब्यात लाल रंग मिसळलेली पेस्ट, हातात स्पंज किंवा काठीला बांधलेला चिंधीचा बोळा, आणि काडीच्या एकेका डोळ्याला ठिपका. रंग अशासाठी की कोणता डोळा राहिला ते मालकाला लांबून दिसावं. हातमोजे दिले तर पातळ प्लास्टिकचे, तासाभरात बोटांच्या टोकाला फाटतात आणि मग आत साठलेली पेस्ट उघड्या हातापेक्षा जास्त त्रास देते, म्हणून बायका ते काढूनच टाकतात. माझ्या आईच्या बोटांची कातडी दर वर्षी त्या दिवसांत सोलपटते आणि नखांच्या कडांना रंग दिवाळीपर्यंत राहतो. भाकरी त्याच हाताने खायची. संध्याकाळी कोणी दारू घेतली तर चेहरा लालबुंद होतो, छातीत धडधडतं, श्वास लागतो. हे औषध आणि दारू एकत्र आले की असं होतं, आणि बाटलीवर तसा इशारा असतो. बाटली मालकाच्या शेडमध्ये, पेस्ट डब्यात, आणि डबा ज्याच्या हातात त्याला वाचता येत नाही.

यातली मला न पचणारी गोष्ट पुढे आहे. युरोपीय संघाने २००८ साली याच हायड्रोजन सायनामाइडला आपल्या शेतांसाठी मान्यता नाकारली. लावणाऱ्या माणसाच्या आरोग्याला असलेला धोका, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. म्हणजे इटलीतल्या किंवा स्पेनमधल्या मजुराने ते हातात धरायचं नाही. पेठच्या मजुराने धरलं तर चालतं, फक्त त्याचा अंश मण्यात उतरता कामा नये. किलोमागे मिलिग्रॅमचा शंभरावा भाग मोजणारी यंत्रं खाणाऱ्याचं पोट सांभाळतात. लावणारीचा हात कोणत्याही यंत्राखाली जात नाही.

दुसरी तक्रार नोंदीची. १९७९ साली स्थलांतरित मजुरांसाठी देशात कायदा झाला, पण तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांसाठी. सुरगाण्याहून निफाडला जाणारा माणूस जिल्ह्यातच राहतो, म्हणून तो स्थलांतरित धरला जात नाही. पाच महिने पालात काढून तो कायद्याच्या हिशोबाने घरीच असतो. आता नव्या कामगार संहिता आल्या, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, सगळ्या कामगारांना नियुक्तिपत्र मिळणार असं जाहीर झालं. आमच्या टोळ्यांत अजून कोणाच्या हातात तसा कागद आलेला मी पाहिला नाही. आईकडे असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड आहे, त्यावर लांबलचक नंबर आहे. पण तिने कोणाच्या बागेत किती दिवस काम केलं हे त्या नंबरावरून कळत नाही. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला, आता ती तरतूद नव्या संहितेत आहे. पन्नास वर्षं होत आली, आणि तुमच्या ठरावात बाईचा रोज शंभर रुपयांनी कमी. तोही थिनिंगसारख्या कामाला, जे तुमच्याच म्हणण्याप्रमाणे बायकांइतकं सफाईदार पुरुषांना जमत नाही.

तिसरी नुकसानीची. गारपीट झाली की तलाठी येतो, कृषी सहायक येतो, बागेचा पंचनामा होतो. मिळणारी मदत तुटपुंजी असते, कधी मिळतच नाही, हे मी जाणते. पण त्याच गारपिटीने टोळीचे जे कामाचे दिवस गेले त्यांचा पंचनामा कोणी करत नाही. शेतकऱ्याच्या अपघाताला गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची योजना आहे, मृत्यू झाला तर दोन लाख रुपये. ती खातेदारासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या एकासाठी. त्याच बांधावर वीज पडून किंवा सर्प चावून मजूर मेला, तर सातबाऱ्यावर नाव नसल्याने तो त्या योजनेत बसत नाही. पिकअपमध्ये उभ्याने कोंबून नेलेली माणसं उलटल्याच्या बातम्या तुम्हीही दर हंगामात वाचता.

बाकीचं थोडक्यात. बागेत संडास नाही, बायका अंधाराची वाट बघतात. प्यायचं पाणी ड्रिपच्या टाकीतून, त्याच टाकीत खतं सोडलेली असतात. पोरांना शिक्षण हमी कार्ड असतं, पण ते घेऊन जवळच्या शाळेत नेऊन बसवायला आई-बापांना वेळ कधी मिळायचा?

"मग गावातच का राहत नाहीत?" असं एका बागायतदार काकांनी मला एकदा विचारलं. त्यांचा सूर कुचकट नव्हता, म्हणून उत्तर नीट देते. आमच्याकडे पाऊस धो धो पडतो आणि उन्हाळ्यात हंडे घेऊन दरीत उतरावं लागतं. पाणी वाहून जातं गुजरातच्या बाजूला. २०२२ च्या शेवटी सुरगाण्यातल्या सीमेवरच्या गावांनी सोयी नाहीत म्हणून आम्हाला गुजरातला जोडा अशी मागणी केली, ती तुम्ही पेपरात वाचली असेल. जमीन कसतो ती वनखात्याच्या नावावर. वनहक्काचा कायदा २००६ सालचा. त्यासाठी ६ मार्च २०१८ ला नाशिकहून मुंबईला जो मोर्चा पायी निघाला, त्यात माझे वडील होते. पुढे दाव्याचा कागद मिळाला, पण कसत होते त्यापेक्षा कमी क्षेत्राचा. तेवढ्यात वर्षाचं भात होत नाही. हे सरकारचं देणं आहे, तुमचं नाही. पण आमची ही अडचण म्हणजे आपल्याला स्वस्तात मिळणारा मजूर, असा हिशोब कोणी धरू नये.

निर्यातदारांना वेगळं सांगायचं आहे. परदेशी सुपरमार्केटं आता सामाजिक ऑडिट मागतात. मजुरांना कसं वागवता, वेतन देता का, वय तपासता का. ऑडिटर येतो त्या दिवशी पॅकहाऊस लख्ख असतं. प्रथमोपचाराची पेटी भरलेली, आग विझवायची नळकांडी तपासलेली, टोप्या आणि ॲप्रन नवे. पॅकिंगच्या मुलींना काय विचारतील आणि काय सांगायचं याची आदल्या दिवशी तालीम होते. ऑडिटर शिकलेला माणूस असतो, चांगले प्रश्न विचारतो. पण तो येतो पॅकिंग चालू असताना, आणि बघितलीच तर रस्त्याकडेची एखादी बाग बघतो. पेस्ट ऑक्टोबरात लागते, तेव्हा त्याचा पत्ता नसतो. चौकटीत टिक होते आणि तिकडच्या ग्राहकाला वाटतं की आपण खातो ते द्राक्ष स्वच्छ मनाने पिकलेलं आहे. कागद रंगवायचा खर्च तुम्ही करता, खरेदीदार त्याच्यासाठी किलोमागे एक पैसाही जास्त देत नाही. याबद्दल त्याच्याशी भांडायला तुम्ही कधी एकत्र आला आहात का? मजुरीचे दर बांधायला मात्र एका बैठकीत एकत्र येता.

मागण्या अशा.

एक. जास्त दर देणाऱ्याला दंड आणि जास्त दर घेणाऱ्या टोळीवर बंदी, हे कलम ठरावातून काढा. दर ठरवायचेच असतील तर टोळ्यांसमोर बसून ठरवा, सरकारी किमान वेतनाच्या खाली ते जाणार नाहीत एवढं बघा, आणि बाईचा-पुरुषाचा रोज एक ठेवा.

दोन. फवारणीच्या वहीसारखी प्रत्येक नोंदणीकृत प्लॉटला मजुरांची वही ठेवा: नाव, काम, तारीख, दिलेले पैसे, सही किंवा अंगठा. निर्यातदारांनी माल घेताना जशी फवारणीची वही मागतात तशी हीही मागावी, आणि कोरी असेल तर औषधाच्या अंशांचा अहवाल नसताना जे करतात तेच करावं.

तीन. पेस्टसाठी कोपरापर्यंतचे जाड रबरी हातमोजे, साबण आणि धुवायला वेगळं पाणी हे मालकाच्या खर्चाने. गरोदर बाईला आणि अठरा वर्षांखालच्या कोणाला हे काम देऊ नका. बाटलीवरचा इशारा कामाआधी वाचून दाखवा. यात वर्षाला जाणारा पैसा एका फवारणीच्या खर्चापेक्षा कमी असेल.

चार. निधी. २०२३-२४ मध्ये देशातून साधारण ३ लाख ४४ हजार टन द्राक्षं निर्यात झाली, किंमत साधारण ३,४६० कोटी रुपये. म्हणजे किलोला सरासरी शंभर. त्यातला एक रुपया, नुसता एक रुपया, बाजूला काढला तर वर्षाला ३४ कोटींवर जातो. त्यातून अपघाताचा विमा, हंगामी वसतिगृहं आणि बागांजवळ फिरते संडास सहज होतात. हे नवं खूळ नाही. माथाडी कामगारांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली कायदा केला आणि बाजार समितीतला हमाल त्याच्या आधारावर उभा राहिला. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी उसाच्या टनामागे दहा रुपये ठरले. टनाला दहा रुपये साखर देऊ शकते, तर किलोला एक रुपया द्राक्षाला जड जाऊ नये. हा रुपया शेतकऱ्याच्या बिलातून कापू नका; निर्यातदारांनी तो खरेदीदाराकडून मागावा. राज्य सरकारने त्यासाठी मंडळ करावं, आणि ही मागणी तुमची-आमची मिळून जावी असं मला वाटतं. कर्जमाफीच्या मोर्च्याला आमची माणसं तुमच्याबरोबर चालली आहेत.

पाच. ऑडिट ऑक्टोबरात, बागेत, मुकादम समोर नसताना व्हावं.

नाव लिहीत नाही. हंगाम तोंडावर आहे, आणि माझी नोकरी आणि आई-वडिलांचं काम दोन्ही तुमच्याच हातात आहे. ज्यांना ओळखायचं ते भाषेवरून ओळखतील, त्यांनी कृपा करून आधी मुद्द्यांबद्दल बोलावं.

छाटणी सुरू व्हायला अजून थोडे दिवस आहेत, तेवढ्यात बैठक पुन्हा बोलावता येते. टोळीकडून दोन पुरुष आणि दोन बायका बोलवा. एकट्या मुकादमाला बोलावून भागणार नाही, त्याचं कमिशन दोन्हीकडून असतं. आणि बैठक रात्री ठेवा, दिवसा ठेवली तर त्यांचा रोज बुडेल.

आपली,
पेठ तालुक्यातील छाटणी मजुरांची मुलगी
मुक्काम नाशिक